सेहेचाळिसावी पट्टी

३ फेब्रुवारी, मंगळवार

काका,

तुमची सगळ्यात बारीक कोरणी मी मोडली.

वर आधी नमस्कार लिहायचा असतो हे मला ठाऊक आहे. पण आधी नमस्कार घातला असता तर तुम्ही म्हणाला असता, कार्टं गोड बोलतंय म्हणजे काहीतरी मोडून बसलंय. म्हणून मोडलेलं आधी सांगितलं. आता नमस्कार.

ती लाकडी मुठीची, जिला तुम्ही कुणाला हात लावू द्यायचा नाहीत, तीच. टेबलावरून पडली आणि पुढचा बोटभर तुकडा मोडला. मूठ शाबूत आहे. तुकडा काडेपेटीत घालून ठेवलाय, का ते मलाही माहीत नाही.

ताई म्हणते तुम्ही तिच्याकडे गेल्यापासून फोनला हात लावत नाही. वाजला की उठून दुसऱ्या खोलीत जाता. म्हणून हे पत्र. दहावीच्या पेपरानंतर एवढं सलग पहिल्यांदाच लिहितोय, आणि निकाल आणायला तुम्हीच गेला होतात, तेव्हा त्या पेपरात मी काय दिवे लावले होते ते वेगळं सांगत नाही.

आता कामाचं. काल नाट्यपुरस्कारांचे चिटणीस दुकानात आले होते. तेच, चष्म्याच्या काडीने कान खाजवत बोलणारे. यंदा पुरस्कारांना पन्नास वर्षं होतायत. नाट्यगृहात शिरल्या शिरल्या समोर दिसेल असा दोन हात रुंद पितळी फलक लावायचा आणि त्यावर समारंभाचा सगळा इतिहास कोरायचा, असं समितीने ठरवलंय. मजकूर टाइप करून आणला होता. समारंभ अठ्ठावीस तारखेला आहे. त्याआधी फलक भिंतीवर हवा.

मजकूर वाचून मी गालातल्या गालात हसलो. पहिल्या वर्षाबद्दल लिहिलंय, 'उत्कृष्ट कलावंतासाठी तांब्याची ढाल खास घडवून घेण्यात आली.' आजोबा तर सांगायचे, समारंभ शाळेच्या हॉलमध्ये, पाहुणे येऊन बसलेले, आणि द्यायला काही आणायचं सगळे विसरलेले. मग आजोबांनीच कॅन्टीनमधल्या मोठ्या पातेल्याचं झाकण आणलं, घासलं, मधली मूठ काढून टाकली. राहिलेल्या भोकावर पितळी पट्टी धरली, उभ्या उभ्या तिच्यावर नाव कोरलं आणि सगळ्यांसमोर चार स्क्रू पिळले. लोकांना वाटलं असंच करायचं असतं. त्यांनी प्रत्येक स्क्रूला टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून दर वर्षी कोरणाऱ्याने स्टेजवर जाऊन विजेत्याच्या नावाची पट्टी चार स्क्रूंनी ढालीवर बसवायची आणि लोकांनी चार वेळा टाळ्या वाजवायच्या. पन्नास वर्षांची परंपरा, आणि सगळी एक भोक झाकायला.

सत्ताविसाव्या वर्षाबद्दल लिहिलंय, 'काही कारणाने पुरस्कार दिला गेला नाही.' ते काही कारण तुमच्या पोटात आहे. कोरी पट्टी तुम्हीच बसवली होतीत. मी लहानपणी किती मागे लागलो, पायही दाबून दिले, तरी तुम्ही हूं की चूं केलं नाहीत.

शेवटी सेहेचाळिसाव्या वर्षाबद्दल दोन ओळी आहेत. त्या इथे उतरवत नाही. तुम्ही आलात की वाचा.

म्हणजे या, असं म्हणतोय. मला त्या ओळी कोरता येणार नाहीत. अक्षरं बारीक आहेत. जागा कमी आहे. शिवाय कोरणी मोडलीय. तुमचा हात अजून तसाच आहे, ताईने सांगितलं, तिच्या मुलीच्या डब्यावर तुम्ही नाव कोरून दिलंत आणि वर्गातल्या सगळ्या पोरांना आता तसाच डबा हवाय.

आठ दिवस या आणि परत जा. मी समोरसुद्धा येणार नाही.

तुमचं कार्टं


१० फेब्रुवारी, मंगळवार

काका,

तुमचं कार्ड मिळालं. चार वर्षांत पहिलं. आईने आधी वाचलं, मग मला दिलं, मग विचारलं, 'काय केलंस रे आता?'

तुम्ही लिहिलंय, 'पडून टोकाचा कण उडतो. बोटभर तुकडा मोडत नाही. खरं लिही.'

बरं. रंगाचा डबा उघडायला घेतली होती. दुकानाची पाटी रंगवायची होती, झाकण घट्ट बसलं होतं, पेचकस सापडेना, ती समोर होती. घातली फटीत आणि दिला रेटा. मोडल्यावर मी आधी इकडेतिकडे पाहिलं. दुकानात मी एकटाच होतो तरी पाहिलं. सवय.

एवढंच लिहून मी पत्र पाकिटात घातलं होतं, गोंदही लावला होता. मग फाडून परत काढलं. तुम्ही ते कोरणीबद्दल लिहिलंत, पण 'खरं लिही' हे दोन शब्द कालपासून कानात माशीसारखे घोंगावतायत. तुम्हाला काय काय कळतं हे मला कधी कळलंच नाही. तेव्हा आता लिहूनच टाकतो. बसून वाचा. ताई जवळ असेल तर तिला चहा करायला पाठवा.

चष्म्यापासून सुरू करतो. सेहेचाळिसाव्या समारंभाच्या वर्षी तुमचा चष्मा सारखा हरवायचा. कधी पितळेच्या तुकड्यांच्या डब्यात सापडायचा, कधी कॅलेंडरच्या मागे, एकदा तर तुमच्याच चपलेत. तुम्ही कपाळाला हात लावून म्हणायचात, चाललं रे माझं डोकं. काका, तुम्ही चष्मा कधीच विसरला नाहीत. मी लपवायचो. तुम्ही शोधताना स्वतःशीच बोलायचात, ते ऐकायला मला मजा यायची.

आता उमेदवारांचं. नऊ वेळा नामांकन मिळालं, एकदाही ढाल नाही, म्हणून अख्ख्या नाट्यगृहाने त्यांचं नावच उमेदवार ठेवलेलं. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं. समारंभाच्या आठ दिवस आधी परीक्षकांचं बंद पाकीट दुकानात यायचं, त्यात एकच नाव. तुम्ही शटर अर्धं ओढून एकटे बसून पट्टी कोरायचात. परीक्षक सोडून ते नाव ठाऊक असणारा जगात एकच माणूस, म्हणजे तुम्ही. नेमके त्याच आठवड्यात उमेदवार दाराची पाटी करून घ्यायला यायचे. दर नामांकनाला एक पाटी. एका दाराला आठ पाट्या झाल्या होत्या, त्या वर्षीची नववी. पाटीचं निमित्त, खरं तर तुमचा चेहरा वाचायला यायचे. आणि तुमचा चेहरा म्हणजे घासलेलं पितळ. बघणाऱ्याला स्वतःचंच तोंड दिसायचं.

ते गेले की मी त्यांची नक्कल करायचो. तुम्ही म्हणायचात, पुरे. पण मिशीत हसायचात, मी पाहिलंय.

त्या वर्षी ते पाटी सांगून गेले, तुम्ही जेवायला घरी गेलात. मी दुकानातला फोन उचलला. आधी तुमच्यासारखा खोकलो. मग तुमच्या आवाजात म्हणालो, 'अहो, यंदा दाराची पाटी राहू द्या. यंदा तुमचं नाव दुसरीकडे कोरलंय.'

पुढे मी हसणार होतो आणि सांगणार होतो की मी आहे, कार्टं, फसलात की नाही. ठरवलं होतं तसं, शपथ. पण पलीकडून काही आवाजच आला नाही. मग त्यांनी नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग ते म्हणाले, 'तुमचे उपकार', आणि पुढे बोलता येईना त्यांना. मी फोन ठेवून दिला.

पाकिटात कुणाचं नाव होतं ते मला माहीत नव्हतं. मनात म्हटलं, निघेल त्यांचंच, काय सांगावं. असं म्हणत आठ दिवस काढले. आठ दिवस, काका. त्यांचं घर दुकानापासून दहा मिनिटांवर आहे.

समारंभाला आपण ढाल घेऊन गेलो. तुम्ही पट्टी आणि पेचकस घेऊन स्टेजच्या कडेला, मी ढालीची कापडी पिशवी धरून तुमच्या मागे. उमेदवार तिसऱ्या रांगेत. नवा कोट. खिशातून भाषणाच्या कागदाचं टोक दिसत होतं. स्टेजवरून 'आणि यंदाचा मान जातो' एवढंच म्हटलं गेलं आणि ते उभे राहिले. नाव नंतर आलं. ती पहिल्यांदाच नाटकात काम करणारी मुलगी होती ना, तिचं.

सगळं सभागृह त्यांच्याकडे बघत होतं. मी मोजलं नाही, दोन सेकंद असतील. त्या दोन सेकंदांत त्यांचं तोंड कसं झालं होतं ते मला लिहिता येत नाही. नक्कलही करता येत नाही. मग ते त्या मुलीकडे वळले, दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि टाळ्या वाजवायला लागले. ते बघून बाकीचे नामांकनवाले उभे राहिले, मग सगळेच. दुसऱ्या दिवशी पेपरात काय काय छापून आलं, मनाचा मोठेपणा, कलावंत असावा तर असा. पुढच्या वर्षी सगळ्या हरलेल्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, त्याच्या पुढच्या वर्षीही. आता तो नियमच झालाय.

चिटणिसांच्या कागदावरच्या शेवटच्या दोन ओळी अशा आहेत: 'सेहेचाळिसाव्या वर्षी एका ज्येष्ठ नटाने खिलाडूवृत्तीने सर्वप्रथम उभे राहून विजेतीला मानवंदना दिली. तेव्हापासून ही प्रथा सुरू झाली.' ह्या मी पितळेत कोरायच्या आहेत. पितळ उघडं पडणं म्हणतात ना, माझं ते दोन हात रुंद असणार आहे, दारातच, दिवा लावून.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या बाजूने माहीत नाही. समारंभ संपल्यावर ते स्टेजच्या मागे आले, तुमचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाले की फोनचं मनावर घेऊ नका, वयाप्रमाणे होतं असं, माझ्याकडून कुणाला कळणार नाही. तुम्ही विचारलंत, कसला फोन? त्यांनी तुमच्या खांद्यावर थोपटलं. मी पिशवीची गाठ मारत होतो. ती गाठ मी बराच वेळ मारत होतो.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताना तुम्ही मला विचारलंत, 'मी त्या आठवड्यात कुणाला फोन केला होता का रे?'

मी म्हणालो, 'केला असेल.'

बाकी सगळं एकीकडे आणि हे दोन शब्द एकीकडे. तुम्ही डॉक्टरकडे गेलात, त्याने सांगितलं काही नाही, तर तुम्ही म्हणालात डॉक्टरला काय कळतंय. महिन्याभराने किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्यात आणि म्हणालात, ज्याच्या जिभेला हाड राहिलं नाही त्याने हे काम करू नये. एकतीस वर्षं एक नाव बाहेर पडू दिलं नव्हतंत. किल्ल्या घेताना मी मान खाली घातली, आणि आईला वाटलं मला रडू येतंय तुम्ही जाताय म्हणून.

तुमचं डोकं जागेवर आहे. तेव्हाही होतं. जीभ माझी घसरली, ती पण तुमचा आवाज लावून.

यापुढे या असं म्हणायला मला तोंड नाही.

तुमचा पुतण्या


१७ फेब्रुवारी, मंगळवार

काका,

तुमचं उत्तर आलं नाही. बरोबर आहे. उत्तर मागायला लिहीत नाही, काल जे झालं ते तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहितोय.

काल दुपारी उमेदवार दुकानात आले. थकलेत आता, पायरी चढताना शटर धरलं त्यांनी. मला वाटलं पाटी. पण यंदा त्यांना नामांकन नाही. त्यांना फलकाचा मजकूर बघायचा होता. चिटणिसांनी त्यांना उद्घाटनाला बोलावलंय, पडदा त्यांच्याच हातून सरकवायचाय.

कागद वाचला. परत वाचला. मग तुमच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले की पोरा, हे कोरू नकोस, मी समितीला खरं काय ते सांगणार आहे. मी मानवंदनेसाठी उभा राहिलो नव्हतो. मला वाटलं होतं मीच जिंकलोय. चार वर्षं गप्प बसलो, कारण बोललो असतो तर मला असं का वाटलं हे सांगावं लागलं असतं, आणि मग तुझ्या काकाचं नाव आलं असतं. म्हातारपणी एकदा चुकला बिचारा. त्यासाठी त्याची एकतीस वर्षं मातीत घालायची मला इच्छा नव्हती. पण आता हे भिंतीवर चढणार, खाली मी पडदा सरकवणार, लोक टाळ्या वाजवणार. एवढं नाटक मला झेपत नाही.

काका, ते तुम्हाला झाकत होते. तुम्ही त्यांना भेटायला लाजून गावच सोडलंत, आणि ते घरी बसून तुमची चूक झाकत होते. आणि चूक तुमची नव्हतीच. दोघांच्या मध्ये मी, जेवत होतो, झोपत होतो, पोरांना नकला करून दाखवत होतो.

मी सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, कारण बसायला दुसरं स्टूल मी रंगवून वाळत ठेवलं होतं. काही गाळलं नाही. चष्म्याचंही सांगितलं.

ते रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'कर बघू तो आवाज.'

मी म्हटलं नको. ते म्हणाले कर. मग मी केला. खोकलो, आणि ते वाक्य म्हटलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

'खोकला जरा लवकर आला,' ते म्हणाले. 'तुझा काका आधी श्वास घेतो.'

मला वाटलं आता हसतील. हसले नाहीत. म्हणाले, 'आठ दिवस होते तुझ्याकडे.' मी हो म्हटलं. मग मारतील असं वाटलं, तसंही झालं नाही, मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी सांगितलं की त्या आठ दिवसांत ते घरातल्या घरातसुद्धा वेगळे चालायचे. बायको म्हणायची, पाठ एवढी ताठ कशी झाली तुमची? तिला त्यांनी सांगितलं नव्हतं, थेट समारंभात कळू दे म्हणून. ती शेजारच्याच खुर्चीत होती. कोट तिनेच निवडला होता. ते उभे राहिल्यावर तिने खालून कोटाचं टोक धरलं होतं, हे मला लांबून दिसलं नव्हतं.

मी म्हटलं, मी समितीकडे जातो, सगळं माझ्या तोंडाने सांगतो, तुमचं आणि काकांचं दोघांचं नाव साफ होईल. खरंच जाणार होतो काका, चपला घातल्या होत्या.

त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, तू जाशील आणि मोकळा होशील. मग? हरलेल्या माणसाने पहिल्या दोन सेकंदांत काय करायचं असतं हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. मी आठ वेळा खुर्चीत बसून बुटाकडे बघितलंय. ह्या पोरांना आता ठाऊक आहे काय करायचं. उठायचं, हात वर करायचे. तेवढ्यात तोंड सावरता येतं. हे एका टवाळखोराच्या फोनमधून आलं असं कळलं की पुढच्या वर्षी सगळे परत बुटाकडे बघतील.

मग त्यांनी माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि मजकुरातले काही शब्द खोडले. 'खिलाडूवृत्तीने' खोडलं, 'विजेतीला मानवंदना दिली' खोडलं आणि उरलेलं वाक्य जुळवून घेतलं. आता राहिलंय, 'सेहेचाळिसाव्या वर्षी एक ज्येष्ठ नट सर्वप्रथम उभा राहिला. तेव्हापासून ही प्रथा सुरू झाली.'

'एवढं खरं आहे,' म्हणाले. 'एवढंच कोर.'

मी आज सकाळी चिटणिसांना सांगितलं की ते शब्द फलकात मावत नाहीत. त्यांनी काडीने कान खाजवला आणि म्हणाले, बरं, गाळा.

जाताना उमेदवार तुमच्याबद्दल विचारत होते. मी सांगितलं, तुम्ही फोनला हात लावत नाही. ते पायरीवर थांबले, एवढा वेळ थांबले की मला वाटलं काही विसरले. मग म्हणाले, 'ते मला माहीत नव्हतं.' पुन्हा माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी.

तुमचा पुतण्या


२१ फेब्रुवारी, शनिवार

काका,

हे पत्र कुरिअरने पाठवतोय, उद्या मिळेल.

फलक मी कोरला. मोडकी कोरणी धारेच्या दगडावर दोन दिवस घासली, आखूड झाली पण चालते. अक्षरं तुमच्यासारखी नाहीत, 'र' सगळीकडे जरा पडलेला आहे. पातेल्याच्या झाकणाबद्दल मी काही बदललं नाही. तसा मोह झाला होता.

सकाळी ताईचा फोन आला. म्हणाली, बाबांना काय लिहिलंस तू? मी म्हटलं, का? तर म्हणाली काल फोन वाजला, ती उठेपर्यंत तुम्ही उचललात. राँग नंबर होता. कुणीतरी गॅसच्या दुकानाला लावत होतं. तरी तुम्ही दहा मिनिटं बोललात, त्यांना गॅसचं दुकान कुठे आहे ते सांगितलंत, आणि फोन ठेवून परत जेवायला बसलात. मी तिला काहीच सांगितलं नाही. म्हटलं, कोरणी मोडली त्याचं लिहिलं होतं. बोलता बोलता माझा आवाज फुटला, तर म्हणाली, एवढं काय त्यात, एका कोरणीचं.

तुम्ही माझ्याशी बोलू नका, मी तशी आशा केली नाही. पण परीक्षकांचं पाकीट आज आलंय. पन्नासाव्या वर्षाचं. तीन वर्षं मी पाकीट उघडलं, शटर अर्धं ओढून पट्टी कोरली, आणि प्रत्येक वेळी चोरासारखं वाटलं. यंदा उघडलं नाही. तुमच्या टेबलाच्या वरच्या खणात ठेवलंय, मोहर शाबूत आहे, येऊन बघा. शुक्रवारपर्यंत तुम्ही आला नाहीत तर उघडीन, काम अडवणार नाही. पण ते नाव कोरणं तुमचं काम आहे. स्टेजवर चार स्क्रू पिळायला पण तुम्हीच हवेत, मी पिळतो तेव्हा तिसरा नेहमी तिरका जातो आणि लोक हसतात.

तुमचा चष्म्याचा जुना डबा समोर ठेवलाय. त्याला हात लावला नाही, लावणारही नाही.

आता एकच मागणं, ते झालं की पत्र संपवतो. चारही पत्रं जाळा, नाहीतर फाडून पाण्यात भिजवा, ताईची पोरगी तुकडे जोडते, ती माझ्यावर गेलीय. कुणाला सांगू नका. ताईला नाही. आईला तर मुळीच नाही, ती आधी मला बदडेल आणि मग का बदडलं ते दारोदार सांगून येईल. चिटणीस विचारतील एवढी वर्षं का आला नाहीत, तर त्यांना म्हणा, डोळ्यांमुळे. उमेदवार समोर आले तर त्यांच्याशी काय बोलायचं ते तुम्ही बघा, पण चारचौघांत नको.

माझी अब्रू जाईल म्हणून म्हणत नाही. म्हणजे तेही आहे, खोटं का बोलू, पण आधी ते नाही. अठ्ठावीस तारखेला चार जण हरणार आहेत आणि त्यांना उभं राहायचं आहे.

तुम्ही एकतीस नावं पोटात ठेवलीत. हे बत्तिसावं ठेवा. हे माझं आहे. पाया पडतो काका, कुणाला सांगू नका.

तुमचं कार्टं